विनियर उन्हात वाळवावा की ड्रायरमध्ये?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात प्लायवूडचा छोटा कारखाना काढू पाहणाऱ्या माझ्या चुलतभावाला हा प्रश्न पडला आहे. तो खर्चाचा वाटतो, पण मुळात ओलाव्याचा आहे.

विनियर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा; असे थर गोंदाने चिकटवून प्लायवूड बनते. तो ओला राहिला, तर हॉट प्रेसच्या (थर तापवून दाबणाऱ्या यंत्राच्या) १०० अंशांपलीकडील उष्णतेत त्यातील पाण्याची वाफ थरांमध्ये कोंडते आणि दाब सुटताच फुगे धरतात किंवा थरच सुटतात. फार वाळला, तर तो ठिसूळ होतो आणि गोंदातील पाणी अधाशीपणे ओढून घेतो. म्हणून पाण्याला टिकणाऱ्या फिनॉलिक गोंदासाठी ओलावा सुमारे ८ टक्क्यांच्या आत राखतात. साध्या मालाचा युरिया गोंद थोडा अधिक ओलावा सोसतो.

उन्हाला इंधन लागत नाही, मात्र मोकळी जागा आणि माणसे लागतात, शिवाय कडा वाकतात. मुख्य अडचण हवेची आहे: सुमारे ९० टक्के आर्द्रतेत लाकडाचा ओलावा २० टक्क्यांच्या आसपास अडतो, आणि खानापूरचा पावसाळा तसाच असतो. ड्रायर महाग आहे. पण त्याला उष्णता देणाऱ्या बॉयलरला साल व कातरण चालते, विनियर सपाट आणि एकसारखा निघतो. अतितापाने मात्र त्याचा पृष्ठभाग गोंद धरेनासा होतो.

केवळ कोरड्या महिन्यांत, युरिया गोंदाने साधा माल करायचा असेल, तर ऊन आणि मॉइश्चर मीटर पुरेल. बारमाही काम किंवा पाण्याला टिकणारा प्लाय करणाऱ्याने ड्रायरच घ्यावा.