केबलसाठी चांदीची तार : एकदा फसलो, मग जमलं

इंटरकनेक्ट (दोन ऑडिओ उपकरणं जोडणारी केबल) घरीच बनवायची म्हणून 26 गेजची, म्हणजे साधारण 0.4 मिमीची चांदीची तार ऑनलाइन मागवली आणि पहिल्याच झटक्यात फसलो, कारण विक्रेत्याने 'प्युअर' लिहून 925 पाठवली, म्हणजे चांदी 92.5 टक्केच आणि उरलेले 7.5 टक्के बहुतेक तांबंच, दागिन्याला चालतं हो पण केबलला कशाला! मग दुसरीकडून 99.9 टक्के शुद्ध, तापवून नरम केलेली घेतली, ती एकदम मस्त, बोटाला गुंडाळली तरी स्प्रिंगसारखी उसळत नाही आणि टेफ्लॉनच्या नळीत सरसर गेली. फक्त ओढाताण करू नका, पटकन लांबते. आवाजाचं म्हणाल तर चांदी तांब्यापेक्षा जेमतेम 6 टक्के जास्त कंडक्टिव्ह, एवढ्याशा लांबीत मला तरी काही फरक ऐकू आला नाही, पण दिसते भारी! तारेला पाच स्टार, पहिल्या विक्रेत्याला एकसुद्धा नाही.