स्क्रिमशॉचा पहिला संच: सुई नंबरी, हाड कच्चं

हाडावर किंवा दातावर बारीक रेघा कोरायच्या आणि त्यांत काळा रंग भरायचा, एवढंच स्क्रिमशॉ. एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीवर निघालेल्या अमेरिकी जहाजांवरचे खलाशी स्पर्म व्हेलच्या दातांवर हे काम करत. शिडं शिवायची सुई आणि दिव्याची काजळी एवढ्यावर भागवत. या संचात गुराच्या हाडाच्या तीन पट्ट्या आहेत, आणि तेच योग्य.

पिन व्हाइसला, म्हणजे सुई पकडणाऱ्या छोट्या मुठीला, पैकीच्या पैकी गुण. सुई घट्ट बसते, फिरत नाही. ती जेमतेम ५ मिमी बाहेर ठेवा. जास्त काढली की लवते आणि रेघ थरथरते.

घोळ आहे तो पट्ट्यांत. वेष्टनावर ‘पॉलिश केलेल्या’ असं छापलंय, पण तिरप्या उजेडात धरल्या की करवतीचे चरे स्पष्ट दिसतात. तशाच कोरल्या तर शाई प्रत्येक चऱ्यात शिरते आणि चित्र मळकट होतं. सोबतचा ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर पुरत नाही. १२०० आणि २००० वेगळे आणावेच लागतात. घासताना पाणी वापरा, हाडाची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. पट्टी पूर्ण वाळली की मेणाचा पातळ हात देऊन कापडानं चकाकवा, म्हणजे हाडाची छिद्रं बुजतात. मग कडेला शाईचा एक ठिपका टेकवून पुसा. डाग राहिला तर पुन्हा मेण.

माहितीपत्रक थेट रेघांनी सुरुवात करायला सांगतं. नवशिक्यानं आधी ठिपकेच द्यावेत. हाडाच्या लांबीच्या दिशेनं बारीक नळ्या असतात. रेघ त्यांना जरा तिरकी गेली की सुई तिकडे ओढली जाते. ठिपक्याला ही भीती नाही. रेघ मारायचीच तर सुई स्वतःकडे ओढा, वळणावर हात नव्हे, पट्टी फिरवा. एकाच दाबात खोल गेलात तर कडा उचकटतात, तिथं शाई अडकते आणि रेघ केसाळ दिसते. दोन-तीन हलके हात बरे.

‘सगळं कोरून झाल्यावर शाई भरा’ हा सल्ला तर सरळ चुकीचा. पांढऱ्यावर पांढरी रेघ दिसणार कशी? थोडं कोरा, भरा, पुसा, भिंगातून बघा. संचातली शाई फार लवकर वाळते. काळा तैलरंग पुसायला सवड देतो.

उथळ चूक ब्लेडनं खरवडून निघते, मात्र तेवढ्या भागावर पॉलिश आणि मेण पुन्हा पहिल्यापासून.