म्हाताऱ्या मांजराचं सांधेदुखीचं औषध: रोजचं सिरप, कॅप्सूल की महिन्याचं इंजेक्शन?

मांजर १२ वर्षांपुढे गेलं की त्याच्या सांध्यांत झीज आहे असं धरूनच चालावं. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, तर ९० जणांच्या एक्स-रेत झिजेच्या खुणा होत्या. एक्स-रेत झीज दिसली म्हणजे दुखतंच असं नाही, पण लंगडत नाही म्हणून दुखत नाही हेही खरं नाही. मांजर सहसा लंगडत नाही. ते कपाटावर चढायचं सोडतं, बल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) सोप्यावर उडी मारण्याआधी दोनदा अंदाज घेतं, कमरेकडचे केस चाटेनासं होतं म्हणून तिथे गुठळ्या होतात, नखं वाढून वळतात. घरात सगळे म्हणतात, वय झालं.

डॉक्टरांनी संधिवाताचं निदान करून दोन-तीन पर्याय पुढे ठेवले आहेत आणि आता ठरवायचं आहे, अशा घरांसाठी हा आढावा. मात्र निदान खरोखर सांध्यांचंच आहे ना, हे आधी पाहा. तोंडातून लाळ गळत असेल किंवा एकाच बाजूने चावत असेल तर दुखणं दातांचं असू शकतं आणि त्याला सिरप नव्हे, दात काढणं लागतं.

निवड ठरवणाऱ्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट मूत्रपिंडं. म्हाताऱ्या मांजरांत ती हळूहळू थकत जाणं अगदी नेहमीचं, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून टाकतात तो टाकाऊ घटक) वाढलेलं दिसेपर्यंत त्यांचा बराच भाग कामातून गेलेला असतो. म्हणून क्रिएटिनिनसोबत लघवीची घनता, रक्तदाब आणि जमल्यास एसडीएमए ही मूत्रपिंडांचा बिघाड लवकर दाखवणारी रक्तचाचणी मागा. त्यावरून डॉक्टर आजार १ ते ४ यांपैकी कुठल्या टप्प्यात आहे ते सांगतात. हा आकडा हातात नसताना वेदनाशामकांची तुलना करण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट दवाखान्यात फारशी कुणी विचारत नाही: औषध देणार कोण? मुलं परदेशी, घरी दोन ज्येष्ठ माणसं, त्यांतल्या एकाला सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. अशा घरात रोजच्या मोजून द्यायच्या थेंबांचं वेळापत्रक आठवडाभरही टिकत नाही. मांजर तोंड उघडू देतं का, मोकळा सोडलेला बोका रात्री कुठे असतो, दवाखाना किती लांब आहे, या गोष्टी औषधाच्या गुणांइतक्याच महत्त्वाच्या.

मेलॉक्सिकॅम: स्वस्त, परिणामकारक, आणि मोजमापाला कडक

सूज आणि दुखणं दोन्ही उतरवणारं हे औषध आपल्याकडे गावोगावच्या पशुवैद्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यामागे गिधाडं आहेत. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडं मरू लागली तेव्हा २००६ साली भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आणली, आणि गिधाडांना न मारणारा पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आलं. त्यामुळे गोव्याच्या सत्तरी किंवा काणकोण तालुक्यात राहणाऱ्यालाही ते मिळायला अडचण नाही.

अडचण वेगळीच आहे. सहज मिळणारं मेलॉक्सिकॅम गुरांच्या, कुत्र्यांच्या किंवा माणसांच्या मापाचं असतं. युरोपात २००७ पासून मांजरांच्या दीर्घकालीन दुखण्यासाठी मान्य असलेली मात्रा पहिल्या दिवशी किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आणि पुढे रोज ०.०५ मिलिग्रॅम अशी आहे. म्हणजे ४ किलोच्या मांजराला दिवसाला ०.२ मिलिग्रॅम. माणसांची छोटी गोळी ७.५ मिलिग्रॅमची; एक गोळी म्हणजे सदतीस दिवसांचं औषध एका घासात. मांजरांसाठीचं सिरप मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅमचं असतं, कुत्र्यांचं १.५ मिलिग्रॅमचं. शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली बाटली आणून 'तेवढेच थेंब' दिले तर तिप्पट मात्रा झाली.

अमेरिकेचं धोरण याहून कडक आहे. तिथे २०१० पासून लेबलवर ठळक इशारा छापतात की मांजराला हे वारंवार दिल्यास मूत्रपिंडं निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो. एकाच औषधाबद्दल दोन खंडांची दोन मतं पाहून गोंधळायला होतं. व्यवहारात मांजरांचा अनुभव असलेले डॉक्टर मान्य मात्रेपासून सुरुवात करून, दुखणं आटोक्यात राहील तितकी ती खाली आणतात. मूत्रपिंडाचा आजार स्थिर असलेल्या मांजरांनी अशी कमी मात्रा अनेक महिने सोसल्याचे अभ्यास आहेत. एका अभ्यासात मात्र सहा महिन्यांनी लघवीतून जाणारं प्रथिन वाढलेलं आढळलं. म्हणजे दार पूर्ण बंद नाही, पण राखण हवी.

घरचे नियम मात्र सोपे आहेत. अन्नासोबतच द्या. मांजर जेवलं नाही, ओकलं, किंवा जुलाब झाले तर त्या दिवशीचं औषध नाही, डॉक्टरांना फोन. दमा किंवा आतड्यांच्या आजारासाठी स्टेरॉइड चालू असेल तर मेलॉक्सिकॅम नाही. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. मे महिन्यात पाणी कमी पिणाऱ्या मांजराला या औषधाचा त्रास लवकर होतो.

गॅबापेंटिन: मूत्रपिंडांचा प्रश्न वेगळा, झिंग मात्र येते

हे मुळात माणसांचं, मज्जातंतूंच्या दुखण्याचं औषध. मेलॉक्सिकॅमसारखा मूत्रपिंडांवर घाला घालत नाही, पण शरीराबाहेर तिथूनच जातं, त्यामुळे मूत्रपिंडं थकलेली असतील तर साठत जातं आणि मात्रा कमी करावी लागते. सुरुवातीला मांजर झिंगल्यासारखं चालतं, जास्त झोपतं. जिना किंवा विहिरीचा कठडा जवळ असेल तर ते पहिले काही दिवस मांजराला खोलीत ठेवा.

मेलॉक्सिकॅमशी थेट तुलना केली तर सांध्यांच्या दुखण्यावर याचा पुरावा तुटपुंजा आहे. एकट्याने फार काम करील अशी अपेक्षा ठेवू नये. जोडीला मात्र ते उपयोगी पडतं, आणि पिंजऱ्यात घातल्यावर रडून गाव जमा करणाऱ्या मांजराला दवाखान्यात नेण्याआधी तर फारच. कॅप्सूल उघडून पावडर ओल्या खाण्यात मिसळता येते. चव कडू असते, तेव्हा तारल्याच्या एखाद्या तुकड्याची लाच द्यावी लागते.

फार्मसीत एक काळजी घ्या. आपल्याकडे गॅबापेंटिन पुष्कळदा दुसऱ्या औषधांसोबत एकत्र मिळतं: मिथाइलकोबालामिन, नॉरट्रिप्टिलीन. साधं नाही म्हणून दुकानदाराने पुढे केलेली मिश्र गोळी घेऊ नका. आणि बरेच दिवस चालू असलेलं गॅबापेंटिन एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करतात.

महिन्याचं इंजेक्शन

फ्रुनेव्हेटमॅब, सोलेन्सिया या नावाचं. हे मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंड; दुखण्याचा निरोप वाढवणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवतं. युरोपात २०२१ साली आणि अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली; कुठल्याही प्राण्यासाठी अमेरिकेने मान्य केलेलं या प्रकारचं ते पहिलं औषध. महिन्यातून एकदा कातडीखाली टोचतात. कागदावर पाहिलं तर तोंडात औषध न घेणाऱ्या मांजरासाठी आणि ज्येष्ठांच्या घरासाठी याहून सोयीचं काही नाही. ते मूत्रपिंडांवाटे जात नसल्याने पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या आजारी मांजरांत ते मला मेलॉक्सिकॅमपेक्षा निर्धास्त वाटतं. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यासाठी मात्र उत्पादकाकडेच अभ्यास नाहीत. पूर्ण परिणाम दिसायला दुसरी सुई लागू शकते. काही मांजरांना मानेभोवती खाज सुटते, केस जातात.

खर्च तिन्हींत सगळ्यांत जास्त, आणि तो दर महिन्याचा. शिवाय ते २ ते ८ अंश तापमानात राहायला हवं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी वागते ते सांगायला नको, म्हणून दवाखान्यात साठा आहे का, फ्रिजला बॅकअप आहे का, हे विचारून मगच मन बनवा. कुरिअरने घरी मागवायच्या भानगडीत पडू नका. कुत्र्यांसाठीचं याच घराण्यातलं बेडिनव्हेटमॅब मांजराला चालत नाही. ही औषधं एकेका प्राण्यासाठीच बनवलेली असतात.

पुड्या, तेलं आणि घरचं कपाट

ग्लुकोसामीनच्या पुड्यांवर पैसे घालवण्याआधी त्याच पैशात रक्ततपासणी होईल का ते पाहा. पुराव्याच्या बाजूने पाहिलं तर माशाच्या तेलातलं ओमेगा-३ बरं, ग्लुकोसामीन फारच कमजोर. मासा तर गोव्यात घरोघरी आहेच, मग तेल कशाला, असं वाटेल. पण नुसत्या नुस्त्यावर (माशांवर) पोसलेल्या मांजराला ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातल्या चरबीची दुखरी सूज येऊ शकते, आणि काही कच्च्या माशांतला घटक बी-१ नष्ट करतो. कॉड लिव्हर ऑइल तर टाळाच. त्यातलं ए जीवनसत्त्व जास्त झालं तर मानेची हाडं एकमेकांना चिकटून मान ताठ होते, म्हणजे ज्यासाठी औषध आणलं तेच दुखणं वाढतं.

पॅरासिटामॉल या तुलनेत येतच नाही. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही; ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर झाल्या, तोंड सुजलं तर लगेच दवाखाना गाठायचा. आयबुप्रोफेनही नको. आजीच्या गुडघ्याला लावायचं मलमही धोक्याचं: २०१५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता, कारण मालकांनी स्वतःच्या अंगाला लावलेल्या फ्लुर्बिप्रोफेनच्या मलमामुळे घरातली मांजरं दगावली होती. मलम लावलेल्या पायावर मांजराला झोपू देऊ नका.

घरात करायचं ते निवडीवर अवलंबून नाही

औषध कुठलंही असो, हे करायचंच. जुन्या घरातला गुळगुळीत कोबा किंवा नवी टाइल, दोन्हींवर म्हातारे पाय घसरतात. मांजराच्या नेहमीच्या वाटेवर काथ्याची पायपुसणी टाका. आवडत्या खिडकीखाली एक स्टूल ठेवलं की एका उंच उडीच्या दोन छोट्या होतात. वर्षानुवर्षं शी-शूसाठी माडाच्या आळ्यात जाणाऱ्या मांजराला जूनपासून आत वाळूची पेटी लागते, आणि तिची एक कड बोटभर उंचीची कापा. लोक बहुधा इथेच चुकतात, उंच कडेची सुंदर पेटी आणतात आणि मग मांजर बाहेरच बसतं म्हणून चिडतात. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवा. उपाशी ठेवून मात्र नाही, जाड मांजर एकदम उपाशी राहिलं तर यकृतावर बेततं.

माझा कौल

मूत्रपिंडं ठीक, भूक चांगली आणि घरात मोजून औषध देणारं एक माणूस: मेलॉक्सिकॅम. मूत्रपिंडांच्या आजाराचा पहिला-दुसरा टप्पा, किंवा तोंडाला हात लावू न देणारं मांजर, आणि मिळण्याची व खर्चाची सोय: इंजेक्शन. तिसऱ्या टप्प्यापुढे कमी मात्रेतलं गॅबापेंटिन, घरातले बदल आणि डॉक्टरांशी नेमाने बोलणं. दोन सूज-उतरवणी औषधं एकत्र कधीच नाहीत. गॅबापेंटिन मात्र इतर दोहोंपैकी कशासोबतही चालू शकतं.

गुण आला की नाही हे नुसत्या भावनेवर ठरवू नका. पैसे खर्च केले की मालकाला मांजर बरं दिसायला लागतं. म्हणूनच मांजरांच्या चाचण्यांत खोट्या औषधालाही चांगले गुण मिळतात. औषध सुरू करण्यापूर्वी मोबाइलवर तीन गोष्टींचं चित्रीकरण करा: जिना चढणं, ठरावीक जागी उडी, पेटीत शिरणं आणि बाहेर येणं. महिन्याने त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा करा. हे व्हिडिओ डॉक्टरांनाही लागतात, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर दगडासारखं बसून राहतं आणि काहीच दाखवत नाही. मेलॉक्सिकॅम सुरू असेल तर दोन ते चार आठवड्यांनी रक्त-लघवी पुन्हा तपासा, नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी. तपासणीला जाताना बाटली आणि सिरिंज दोन्ही सोबत न्या, म्हणजे रोज नेमकं किती दिलं जातंय हे डॉक्टरांना डोळ्यांनी दिसेल.