ट्रेलरवरचा १२ व्होल्टचा विंच: काही महिने राबवल्यानंतर

विंच, म्हणजे मोटरने दोर गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र, घेताना सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर असते: किती किलो ओढतो? माझा ४,३०० किलो वर्गातला आहे. सिरीज-वाउंड मोटर (सुरुवातीलाच जोर देणारी), प्लॅनेटरी गिअर (वेग कमी करून जोर वाढवणारा), दोर गुंडाळला जातो त्या ड्रमच्या आतच ब्रेक आणि सोबत स्टीलचा दोर. तो ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बसवला आहे आणि त्याला स्वतःची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे. बंद पडलेल्या गाड्या आणि यंत्रं ट्रेलरवर चढवायची, एवढंच त्याचं काम. आता बराच राबवून झाल्यावर सांगतो, ताकदीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्रास झाला तो बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या वाटेवर, आणि त्या वाटेबद्दल माहितीपुस्तिका दोन ओळी लिहून मोकळी होते.

आधी त्या आकड्याचं बघू. ४,३०० किलोची ओढ ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असतानाची असते. थर चढत जातात तसा ड्रमचा घेर वाढतो आणि ओढ कमी होते. सर्वात वरच्या थरावर ती साधारण दोन-तृतीयांश राहते. तरीही पुरून उरते. चाकं मोकळी फिरणारी १,५०० किलोची गाडी १५ अंशांच्या उतारावर चढवायला चारशे किलोंच्या आसपास ओढ लागते, वर चाकांच्या घर्षणाची थोडी भर. चाक जाम असेल किंवा चिखलात रुतलं असेल तर मात्र हिशेब पार बदलतो. अशा वेळी मी सरळ भाराला पुली लावतो आणि दोर तिच्यातून परत ट्रेलरला अडकवतो. ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो, मोटर करंट कमी घेते आणि जास्त दोर बाहेर गेल्यामुळे काम खालच्या थरांवर चालतं. विंचबरोबर काय घेऊ असं कोणी विचारलं तर मी आधी पुलीच सांगेन.

आता दुखण्याकडे येतो. दमट हवेचे काही आठवडे गेले आणि विंच मंदावला. मग एके दिवशी कळ दाबली की नुसता ‘टक’ आवाज, ड्रम किंचित हलून थांबायचा. मोटर गेली, असं बघणाऱ्या प्रत्येकाने ठरवून टाकलं. बॅटरीवर मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे चार्ज पूर्ण. पण भार नसलेल्या बॅटरीचं व्होल्टेज फक्त तिच्यात साठा किती आहे ते सांगतं. मोटर भाराखाली दोन-तीनशे अँपिअर मागते तेव्हा ती किती देऊ शकते, हे त्यावरून कळत नाही. मीटर लावायचा तो ओढ चालू असताना.

दोराला भार देऊन, दोराच्या रेषेपासून दूर उभं राहून, एकाने कळ दाबायची आणि दुसऱ्याने मोजायचं. बॅटरीच्या पोलवर भाराखालीही ११.४ व्होल्ट टिकत होते, म्हणजे बॅटरी चांगली. तीच जर १० च्या खाली कोसळली असती तर बॅटरीची चौकशी करावी लागली असती. मग मोटरच्या टर्मिनलवर मोजलं, तिथे जेमतेम ९ भरले. मधले दोन-अडीच व्होल्ट वाटेत जळत होते. ते कुठे जातात हे शोधायला मीटरची दोन्ही टोकं एकाच तारेच्या दोन टोकांना लावायची आणि पुन्हा कळ दाबायची. धड तारेवर काही दशांश व्होल्ट दिसतात, बिघडलेल्या जागी आकडा एकदम उडी मारतो. आमच्याकडे तो उडाला निगेटिव्ह तारेच्या लगवर, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवर. वरची स्लीव्ह कापली तर आत क्रिम्पमध्ये (तार दाबून बसवलेल्या जोडात) हिरवा गंज भरलेला, बाहेरून मात्र लग चकचकीत. लोक पॉझिटिव्ह बाजू तपासून थांबतात, पण करंट तेवढाच निगेटिव्हमधूनही परत येतो.

अशा जोडात एक मिलीओहमचा जरी अडथळा झाला तरी ३०० अँपिअरला ०.३ व्होल्ट जातात आणि तिथे ९० वॉट उष्णता तयार होते. म्हणून ओढ संपल्यावर कळ सोडून जोडांवरून सावधपणे हात फिरवायची सवय लावून घेतली. जो जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागेल तो संशयित. तारेच्या जाडीचंही असंच. बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन चार मीटर तार धरली तर ३५ चौरस मिमीच्या तांब्यात ३०० अँपिअरला साधारण ०.६ व्होल्ट पडतात, १६ चौरस मिमीच्या तारेत सव्वा व्होल्टच्या वर. ट्रेलरचा तोल साधायला बॅटरी मागे सरकवायची असेल तर तार आधी जाड करा.

‘टक’ आवाजही येत नसेल तर दोष बारीक तारांच्या बाजूला असतो: रिमोटचा प्लग, त्याची केबल किंवा फ्यूज. तो आवाज सोलेनॉइडचा, म्हणजे कळ दाबल्यावर मोटरचा मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचा. आवाज येतो, सोलेनॉइडच्या येणाऱ्या बाजूला व्होल्टेज आहे आणि जाणाऱ्या बाजूला नाही, तर आतले संपर्कबिंदू जळलेत. दोर एकाच दिशेला चालत असेल तर मोटरला दोष देऊ नका, दोन्ही दिशांना तीच मोटर फिरते. रिमोटची कळ किंवा त्या दिशेचा सोलेनॉइड बघा. सर्वात वाईट प्रकार म्हणजे संपर्कबिंदू चिकटून बसणं: कळ सोडली तरी ड्रम फिरतच राहतो. यासाठी मुख्य तारेवर हाताशी येईल असा कटऑफ स्विच हवाच. माझ्या संचात तो नव्हता, वेगळा घेऊन बसवावा लागला. एवढ्या करंटच्या यंत्रासोबत तो न देणं मला तरी पटत नाही.

बॅटरीच्या चार्जिंगबद्दल बरेच गैरसमज आहेत. ३०० अँपिअरने दोन मिनिटं ओढलं तर १० अँपिअर-तास खर्च होतात. ट्रेलरच्या प्लगमधल्या बारीक तारेतून वाटेत ते भरून निघतील असं वाटतं, पण त्या तारेतून मोजकेच अँपिअर येतात आणि व्होल्टेजही पडून येतं. बॅटरी अर्धवट भरलेली राहते, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. आता काम झालं की मी ती चार्जरला लावतो आणि विश्रांतीचं व्होल्टेज १२.४ च्या खाली जाऊ देत नाही. ट्रेलरवरच डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून पडून येणारं व्होल्टेज वाढवून बॅटरी भरणारा) बसवणं हा दुसरा मार्ग. वजन वाचवायला लिथियमकडे वळणाऱ्यांनी बीएमएसची, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक सर्किटची, करंटची मर्यादा आधी वाचावी. सतत १०० अँपिअर देणारी बॅटरी ऐन चढावर विंचला अंधारात सोडेल.

दोर मी स्टीलचाच ठेवला आहे. सिंथेटिक हलका आणि तुटला तर कमी घातक, हे खरंच. पण मी यंत्रं उतरवतानाही विंचनेच दोर सोडतो. भार धरून सोडताना ब्रेक तापतो, तो ड्रमच्या आत असल्यामुळे ड्रम तापतो आणि सिंथेटिक दोराचा आतला थर नेमका त्याला चिकटून असतो. स्टीलला जाड हातमोजे लागतात, तुटलेले धागे आणि पीळ पडलेल्या जागा बघाव्या लागतात, एवढंच. ड्रमवर निदान पाच वेढे कायम राहू द्यायचे आणि दोर गुंडाळायचा तो थोडा भार देऊनच. सैल गुंडाळला की पुढच्या ओढीत वरचा थर खालच्यात घुसतो.

बाकी देखभाल किरकोळ आहे. महिन्यातून एकदा बिनभाराचा थोडा चालवायचा, म्हणजे आतली ओल निघते. फिरत्या ड्रमवर क्लच (ड्रम गिअरला जोडणारा दांडा) टाकायचा नाही. मोटरच्या स्टडवरचा (तार जोडायच्या बोल्टवरचा) नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरायचा, नाहीतर स्टडच फिरतो आणि आतली जोडणी तुटते. गिअरच्या ग्रीसला मी हात लावलेला नाही, आवाज बदलत नाही तोवर लावणारही नाही. मोटरवर हात टेकवेना झाला की थांबायचं. अशी मोटर सलग चालायला बनलेलीच नसते.

वायरलेस रिमोट सोयीचा आहे, दुरून गाडीच्या चाकांकडे बघत ओढता येतं. पण त्याचा रिसीव्हर बसल्या जागी थोडा करंट खात राहतो. कटऑफ बंद न करता ट्रेलर काही आठवडे उभा ठेवला तर बॅटरी उतरलेली सापडते.