नवी म्हणून विकलेली जुनी हार्ड डिस्क: माझा अनुभव

मी सांगलीत घरूनच डीटीपीची कामे करते. शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका अशी कामे गेली अकरा वर्षे एकाच टेबलावर चालली आहेत. जुलै २०२५ मध्ये संगणकातील जागा संपत आली, म्हणून मी त्यात दुसरी हार्ड डिस्क बसवून घेतली. त्या दिवसापासून दीड महिना माझे काम रखडले, ७,१०० रुपये खर्च झाले आणि एका शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेची चौदा पाने मला मूळ हस्तलिखितांवरून पुन्हा टाइप करावी लागली. दुकानदाराने मला वापरलेली डिस्क नवी म्हणून विकली होती. आमच्या भागात हा प्रकार आणखी कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

ज्या दुकानातून मी पूर्वी प्रिंटर आणि शाई घेतली होती, तिथेच ही डिस्क घेतली. २ टीबीच्या डिस्कची किंमत इतरत्र साडेपाच हजारांच्या पुढे सांगत होते; इथे ४,२०० सांगितली. "ताई, लॉटमधला माल आहे, म्हणून परवडतोय. एक वर्षाची वॉरंटी माझी," असे दुकानदार म्हणाले. डिस्क खोक्यात नव्हती, चंदेरी पिशवीत होती. परंतु सुटी डिस्क बहुधा अशीच मिळते, त्यामुळे त्यात मला काही वावगे वाटले नाही. पक्के बिल मागितले तेव्हा त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागेल असे उत्तर आले आणि माझ्या हातात एक चिठ्ठी पडली, जिच्यावर '२ टीबी एचडीडी – ४,२००' एवढेच लिहिलेले होते. ना कंपनीचे नाव, ना मॉडेल, ना सीरियल नंबर. संगणक मी दुकानात सोडून आले आणि संध्याकाळी डिस्क बसवलेला घरी आणला. म्हणजे ती डिस्क मी हातात घेऊन एकदाही नीट पाहिली नव्हती.

पहिले दोन दिवस संगणक थोडा जड वाटला, पण त्याला साधी कारणे असू शकतात. नव्या डिस्कवर शेकडो गिगाबाइटच्या फाइली टाकल्या की अँटिव्हायरस त्या तपासतो, विंडोज त्यांची सूची बनवते, आणि हे काम एक-दोन दिवस मागे चालू राहते. शिवाय विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये वीस मिनिटे न वापरलेली डिस्क थांबते आणि पुन्हा फिरू लागायला काही सेकंद घेते, त्यामुळे फोल्डर उघडताना पहिल्यांदा क्षणभर अडकल्यासारखे होते. हे दोष नव्हेत. माझ्याकडचा त्रास मात्र दिवसेंदिवस वाढत गेला. सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज असलेला भाग, एसएसडी या जास्त वेगवान डिस्कवर असूनही संगणक सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागू लागली; पेजमेकरमध्ये पान उलटावे तर माउसचा बाण फिरे, पण पडद्यावर काहीच हलत नसे; 'धिस पीसी' उघडले की वरची हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबे. रात्री घरात शांतता झाली की डब्यातून दर काही सेकंदांनी 'टक, टक, किर्र' असा आवाज येई.

दुकानातून एक तरुण घरी आला. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "काकू, रॅम कमी पडतेय." ८ जीबीची रॅम १,८०० रुपयांना बसवली, भेटीचे ५०० वेगळे घेतले. फरक पडला नाही. आठवड्याने तो पुन्हा आला, व्हायरस आहे म्हणाला आणि ६०० रुपये घेऊन सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकून गेला. तेव्हाही फरक पडला नाही. मग दुकानदारांचा फोन आला की संगणक सहा वर्षांचा झाला आहे, विंडोज १० ची मुदत ऑक्टोबरमध्ये संपते आहे, तेव्हा आता नवाच घ्या, जुन्याचे मी बघतो. विंडोज १० साठीचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार होते हे खरे आहे, पण त्याचा जुलैमध्ये अचानक मंद झालेल्या संगणकाशी काहीही संबंध नव्हता. या सगळ्या काळात नव्याने बसवलेली डिस्क तपासू या, असे त्या दोघांपैकी एकानेही म्हटले नाही. मंदपणा ती बसवल्यानंतर सुरू झाला, हे मी प्रत्येक वेळी सांगत होते.

शेवटी मी पुण्यातल्या भाच्याला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मावशी, तू आधी टास्क मॅनेजर उघड आणि परफॉर्मन्समध्ये दोन्ही डिस्क काय दाखवतात ते मला वाचून दाखव." डिस्क ०, म्हणजे एसएसडी, दोन टक्के. डिस्क १, म्हणजे ती नवी, १०० टक्के, आणि तीसुद्धा मी काहीही करत नसताना. वाचण्याचा वेग सेकंदाला तीन-चारशे किलोबाइट, आणि सरासरी प्रतिसादकाळ सहा हजार मिलिसेकंदांच्या वर. चांगल्या हार्ड डिस्कला एका मागणीचे उत्तर द्यायला साधारण दहा ते वीस मिलिसेकंद लागतात. माझी डिस्क सहा सेकंद घेत होती.

दुसऱ्या डिस्कमुळे विंडोज असलेला एसएसडीसुद्धा का रखडावा, हा मलाही पडलेला प्रश्न होता. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा माहिती ठेवण्याचा छोटा कप्पा, वाचता आला नाही, तर घरगुती हार्ड डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहत राहते. त्या अवधीत विंडोज उत्तराची वाट पाहते, उत्तर आले नाही तर मागणी पुन्हा पाठवते, आणि त्या डिस्कवरची एक फाइल जरी कोणत्या प्रोग्रामने उघडी ठेवलेली असेल तरी तो प्रोग्राम तिथेच थिजतो. माझी चालू कामे सगळी डी ड्राइव्हवर, म्हणजे या नव्या डिस्कवर होती आणि फोटोशॉपची स्क्रॅच डिस्कही, म्हणजे त्याची तात्पुरत्या फाइली ठेवण्याची जागा, मी तिथेच ठेवली होती. संगणक सुरू होतानाही सर्व डिस्कना हाक दिली जाते, आणि ही एकटी 'ओ' द्यायला मिनिटे लावत होती.

भाच्याने मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या घडामोडींच्या आणि चुकांच्या नोंदी, उघडायला सांगितले. त्यातील सिस्टिम विभागात 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांकाच्या नोंदी होत्या, ज्यांचा अर्थ डिस्कवर खराब भाग आढळला असा होतो. १५३ क्रमांकाच्या होत्या, म्हणजे वाचन-लेखनाची मागणी पुन्हा करावी लागली. पहिली नोंद विंडोज नव्याने टाकल्याच्या दिवशीच संध्याकाळची होती. त्याआधीच्या तीन आठवड्यांच्या नोंदी फॉरमॅटमध्ये पुसल्या गेल्या होत्या. ते फॉरमॅट हेतुपुरस्सर होते असे मी म्हणत नाही. परंतु त्या ६०० रुपयांत माझ्याकडचा पहिला पुरावा गेला, हे खरे.

दुसरा पुरावा मात्र डिस्कच्या पोटात होता आणि तो फॉरमॅटने जात नाही. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःची एक नोंदवही ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती वही उघडून दाखवते. मी ते उतरवून घेतले आणि पिवळ्या चौकोनात 'कॉशन' हा शब्द दिसला. उजवीकडे वरच्या बाजूला दोन आकडे होते: डिस्क चालू राहिल्याचे एकूण तास २७,४१२ आणि ती सुरू केल्याची संख्या ४६. मी कॅल्क्युलेटर काढला. २७,४१२ तास म्हणजे १,१४२ दिवस, तीन वर्षांहून अधिक. माझ्याकडे ती डिस्क येऊन पाच आठवडे झाले होते. तीन वर्षांत जेमतेम शेहेचाळीस वेळा सुरू झालेली डिस्क घरच्या संगणकातली नसते. ती रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रातली असते. खाली सी५ या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या आणि निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांच्या ओळीत, ४९८ असे दिसत होते. भाच्याने सांगितले की हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून, दाखवते. आपल्या नेहमीच्या दशमानात ते ११७६ होतात. नव्या डिस्कवर तिथे शून्य असायला हवे.

त्याच पडद्यावर डिस्कचे मॉडेल आणि सीरियल नंबर होता. संगणक बंद केला, प्लग काढला, डब्याची बाजू उघडली आणि टॉर्चच्या प्रकाशात डिस्कवरचे लेबल वाचले. दोन्ही नंबर वेगळे होते. लेबलवरचे मॉडेल साध्या संगणकाचे होते. आतले मॉडेल सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरसाठी बनवलेल्या मालिकेतले. लेबलवर उत्पादनाची तारीख मार्च २०२५ ची छापलेली होती. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तपासली, तर लेबलवरचा नंबर सापडला नाही आणि आतल्या नंबराची वॉरंटी केव्हाच संपलेली निघाली. नख लावून पाहिले तेव्हा पांढऱ्याशुभ्र लेबलच्या कडेखाली जुन्या लेबलची पिवळसर कड हाताला लागली. स्क्रूच्या दोन भोकांभोवती रंग उडून धातू उघडा पडला होता. या डिस्कने कुठल्या तरी गेटवरची किंवा दुकानातली तीन वर्षे रेकॉर्ड केली होती, आणि तिच्यावर मी लोकांची कामे ठेवत होते.

दोष केबलचा नाही हे दाखवता यावे म्हणून मी दुसऱ्या दिवशी साटा केबल बदलून पाहिली, मदरबोर्डवरचा पोर्टही बदलला. केबलमुळे होणाऱ्या चुका सी७ या ओळीत मोजल्या जातात. तिथे शून्यच होते आणि शून्यच राहिले. मग डिस्कच्या दोन्ही केबल काढून संगणक सुरू केला. वीस सेकंदांत सुरू झाला. दीड महिन्यानंतर तो वीस सेकंदांत सुरू झालेला पाहून मला आनंद व्हायला हवा होता. पण रॅम, भेट, फॉरमॅट या सगळ्याचे २,९०० रुपये आठवले आणि हात थरथरू लागले.

तासांच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे मला नंतर वाचनातून कळले. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. त्यांतल्या बऱ्याच चिया या आभासी चलनाच्या कामात राबलेल्या असाव्यात, असे बातम्यांमध्ये आले. त्या डिस्क आपण संबंधित विक्रेत्यांना पुरवल्या नव्हत्या, असे कंपनीने स्पष्ट केले. तिथे स्मार्टमधले तास कोणीतरी शून्य करून ठेवले होते. परंतु त्या कंपनीच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची आणखी एक आतली नोंद असते, ती तशीच राहिली होती आणि तिच्यात खरे तास सापडले. स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनाच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते. माझ्या दुकानदाराने किंवा त्याच्या पुरवठादाराने लेबल बदलण्यावरच भागवले होते, म्हणून मला लवकर उलगडा झाला.

पडद्याचे फोटो, लेबलचा फोटो आणि ती चिठ्ठी घेऊन मी दुकानात गेले. दुकानदार आधी म्हणाले की सॉफ्टवेअर काहीही दाखवते. मग म्हणाले की मला वरूनच असा माल आला. मी शांतपणे सांगितले की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे, तिच्यात जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपवणे येते आणि विकलेल्या वस्तूचे बिल न देणेही येते. त्यांनी ऐकून घेतले, पण पैसे दिले नाहीत. तिथून बाहेर पडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पुढची पायरी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाची माहितीही काढून ठेवली: घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. पक्के बिल नसल्याने माझी बाजू लंगडी होती. त्या चिठ्ठीवर सीरियल नंबर असता तर मला कोणाची विनवणी करावी लागली नसती.

बारा दिवसांनी त्यांनी बोलावून ४,२०० रुपये परत केले. रॅम, भेट आणि फॉरमॅटचे पैसे द्यायला नकार दिला. ते मी अजून मागते आहे.

डिस्क परत देण्याआधी तिच्यावरचे काम काढून घेण्यात दोन रात्री गेल्या. भाच्याच्या सांगण्यावरून सर्वांत गरजेच्या फाइली आधी काढल्या, कारण मरणाऱ्या डिस्कला जितके राबवावे तितकी ती लवकर जाते. बहुतेक सर्व निघाले. स्मरणिकेतल्या माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींची चौदा पाने आणि १९६३ सालच्या शिक्षकवर्गाच्या फोटोचे स्कॅन निघाले नाही. मूळ फोटो मी परत करून बसले होते. तो पुन्हा मागायला मिरजेला एका ऐंशी वर्षांच्या बाईंकडे गेले. फोटोत त्यांचे वडील आहेत. त्यांनी तो पुन्हा कपाटातून काढून, मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवला आणि सावकाश परत दे म्हणाल्या. मी त्याच संध्याकाळी परत नेऊन दिला.

आता दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या डिस्कच्या बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर छापलेला आहे. ती बसवताना मी समोर उभी होते आणि दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो उघडायला लावले: शून्य तास, एकदा सुरू केलेली, आतला नंबर आणि लेबलवरचा नंबर तोच. त्या दुकानदारानेही काही कुरकुर केली नाही.

जुनी डिस्क परत करताना पहिल्या दुकानदाराने ती माझ्यासमोरच चंदेरी पिशवीत घालून काउंटरखालच्या कप्प्यात ठेवली. ती मोडीत काढणार का, असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. सांगली-मिरजेत कोणी सुटी २ टीबीची डिस्क स्वस्तात घेत असेल तर एवढे पाहावे: लेबल पांढरेशुभ्र असेल, त्यावर मार्च २०२५ ची तारीख असेल, उजव्या खालच्या कोपऱ्यात माझ्या नखाने उचललेली कड असेल आणि त्याखाली पिवळसर कागद दिसेल.