राइट फील्डला उभ्या राहणाऱ्या मुलीच्या आईचा बेसबॉल कोचिंग रिव्ह्यू

लेकीला नववं लागलंय, दीड वर्ष झालं बेसबॉल खेळतेय. पहिला सीझन एका टीममध्ये होती, मग तिथून काढून दुसऱ्या कोचिंगला घातली, तिथे आता वर्ष होईल. रिव्ह्यू या दुसऱ्या कोचिंगचा आहे पण पहिल्याबद्दल सांगितल्याशिवाय दुसऱ्याची किंमत कळणार नाही, म्हणून आधी ते. नाव दोघांचंही घेत नाही.

पहिली टीम जिंकायची. जवळजवळ प्रत्येक मॅच. सुरुवातीला आम्हाला पण भारी वाटायचं, फोटो बिटो काढायचो. मग हळूहळू लक्षात आलं की रन होतायत पण बॉलला बॅट कोणाचीच लागत नाहीये. झालं काय की त्या वयातल्या पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) स्ट्राइक, म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या छाती ते गुडघ्याच्या पट्ट्यातला बॉल, टाकणं जमतच नाही, मग आमचे कोच मुलांना सांगायचे, बॅट फिरवूच नको, नुसता उभा रहा. चार बॉल बाहेर गेले की फुकटात फर्स्ट बेस (याला वॉक म्हणतात), पुढे समोरच्या बिचाऱ्या कॅचरच्या (विकेटकीपरसारखा मागे बसतो तो) हातून बॉल सुटला की पळ सेकंडला, परत सुटला की थर्डला, आणि मग होम, की झाला रन. १४-२ ने जिंकलो म्हणून टाळ्या, आणि माझी लेक गाडीत बसल्यावर विचारते, आई मी कधी मारायचं? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

फिल्डिंगला तिला कायम राइट फील्ड, म्हणजे बॅटिंगच्या जागेवरून बघितलं तर लांब उजव्या टोकाला. दोन इनिंग तिथे, बाकी बेंचवर. का, तर तिकडे बॉल कमी येतो, म्हणजे तिच्यामुळे नुकसान होणार नाही. हे तिला कोणी तोंडावर सांगितलं नाही पण मुलांना कळतं हो, तिने मला एकदा अगदी साध्या आवाजात सांगितलं की जे येत नाही त्यांना तिकडे ठेवतात. सात वर्षांची होती तेव्हा.

पण ती टीम सोडली ते यामुळे नाही, दुसऱ्याच एका मुलामुळे सोडली. टीममध्ये चांगले पिचर दोनच, आणि टुर्नामेंट म्हटलं की शनिवार-रविवार मिळून चार मॅच, सगळ्या यांच्याच खांद्यावर. त्यातला एक मुलगा डगआउटमध्ये (टीमच्या बसायच्या जागेत) बसून उजवं कोपर डाव्या हाताने धरून होता, आतल्या बाजूने दाबत होता. मी विचारलं दुखतंय का, तर म्हणाला कोणाला सांगू नका काकू, मला काढतील. तरी मी कोचना जाऊन सांगितलं, ते म्हणाले फायनल झाली की आराम देऊ. त्याच्या आईला मात्र मी लगेच बोलले आणि तिने त्याच क्षणी त्याला घरी नेलं.

मग मी वाचायला बसले. लहान मुलांच्या कोपरात आतल्या बाजूला हाड अजून वाढत असतं, तिथे कूर्चेची ग्रोथ प्लेट असते, ती मऊ असते, जोरात आणि सारखं सारखं फेकलं की तिच्यावर ताण येऊन ती दुखावते. डॉक्टर लोक याला लिटल लीग एल्बोच म्हणतात, मुलांच्या बेसबॉल संघटनेवरून आजाराला नाव पडलंय! आणि ज्या लिटल लीगवरून ते पडलं (१९३९ पासून चालू असलेली अमेरिकेतली मुलांची संघटना), त्यांनी स्वतः २००७ पासून इनिंग मोजणं सोडून पिच (पिचरने टाकलेले बॉल) मोजायला घेतलंय. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ५० पिच, नऊ-दहाला ७५, अकरा-बाराला ८५. मुलाने ६६ किंवा जास्त टाकल्या तर मध्ये चार दिवस आराम. ४१ झाल्या तर त्या दिवशी त्याला कॅचर पण करायचं नाही, कारण कॅचरला पण सारखं फेकायला लागतंच. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. आमच्या त्या टीममध्ये कोणी मोजतच नव्हतं, साधं कागद-पेन पण नव्हतं.

आता नवीन कोचिंग.

पहिले दोन आठवडे बॅटला हात नाही. लेक जरा हिरमुसली, मी पण म्हटलं हे काय. नुसतं फेकणं आणि पकडणं. पण कसं ते सांगते. कोचनी प्रत्येक मुलाच्या बॉलवर काळ्या मार्करने मधोमध गोल रेघ मारून दिली, बॉलला कंबरपट्टा घातल्यासारखी. दोन बोटं शिवणीवर आडवी, रेघेच्या दोन बाजूंना, अंगठा खाली, आणि एक गुडघा जमिनीला टेकवून समोरच्याकडे फेकायचं. बोटं बरोबर बॉलच्या मागून सुटली तर ती रेघ हवेत सरळ उभी दिसते, हात बाजूने गेला तर रेघ डगमगते. बस्स, मुलांना कोणी ओरडायला नको की चूक झाली, बॉलच सांगतो. लेक घरी येऊन संध्याकाळी भिंतीवर रेघेचा बॉल मारत बसायची आणि रेघ सरळ गेली की आम्हाला आतून बोलावून दाखवायची. गुडघा उचलून उभं राहून फेकायला महिना लागला असेल. तेव्हा आधी ग्लोव्हच्या बाजूचा खांदा समोर, मग पाऊल, मग हात, आणि फेकून झालं की हात पूर्ण खाली जाऊ द्यायचा, मध्येच थांबवायचा नाही. यातलं प्रत्येक पाऊल कोपर वाचवण्यासाठी पण आहे, हे कोचनी आम्हा पालकांना वेगळं बसवून समजावलं.

पकडायला पण तसंच. कडक बॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, तोंडावर लागला की मूल आयुष्यभर बॉल आला की घाबरून डोळे मिटून घेतं, म्हणून सुरुवातीला मऊ बॉल. आणि ग्लोव्हच्या जागी हातात एक सपाट फळी बांधायची, बॉल त्यात बसतच नाही, म्हणजे दुसरा हात आणावाच लागतो. कंबरेच्या वर आला तर बोटं वर, खाली आला तर बोटं खाली. ग्राउंडरला (जमिनीवरून येणाऱ्या बॉलला) बूड खाली, हात पुढे. एवढंच, पण रोज.

बॅटिंग टीवरूनच (बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावरून) जास्त, आणि मॅचमध्ये एकच सूचना, पट्ट्यात आला तर मार. वॉक मिळाला तर ठीक, पण वॉकसाठी उभं रहायचं नाही. कर्व्ह बॉल (हवेत वळणारा) या वयात शिकवणार नाही असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, फास्टबॉल आणि नंतर चेंजअप (तशाच हाताने टाकलेला हळू बॉल), इतकंच (पिच स्मार्ट म्हणून लहान पिचरसाठी अमेरिकेतल्या गाइडलाइन्स आहेत, त्या पण बारा वर्षांपर्यंत हेच सांगतात). मॅचला एका पालकाच्या हातात क्लिकर असतो, प्रत्येक पिचला टिक, आणि आकडा झाला की पिचर बदलतो. स्कोर काय आहे ते बघत नाहीत, मी स्वतः एका मॅचला एका रनने पुढे असताना बदललेला पाहिलाय आणि ती मॅच आम्ही हरलो.

सीझनला १२ मॅच झाल्या, ४ जिंकलो. काही पालक यावरून नाराज होऊन गेले आणि मला त्यांचा रागही नाही. मुलांना जिंकायचं असतंच, लेक पण हरल्यावर रडलीये, आणि कोच पण स्कोर लपवत नाहीत किंवा सगळे जिंकले वगैरे खोटं बोलत नाहीत. फरक इतकाच की जिंकण्यासाठी एका मुलाला गप्प उभं करणं आणि दुसऱ्याचा हात झिजवणं इथे होत नाही, सगळ्यांची बॅटिंग येते आणि पोझिशन फिरत्या असतात.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. बॅटिंगला वेळ कमी पडतो, १४ मुलं आणि दोन कोच, त्यामुळे कधी कधी एका मुलाला जेमतेम पंधरा स्विंग मिळतात. प्रॅक्टिस कॅन्सल झाल्याचा मेसेज घरातून निघाल्यावर येतो, हे तीनदा झालंय, यात सुधारणा हवीच. पालकांना डगआउटमागच्या जाळीजवळ उभं राहू देत नाहीत, लांब बसायला लागतं, सुरुवातीला मला ते फार लागलं होतं, आता पटलंय, कारण एकाच वेळी तीन माणसं ओरडली की मूल बॉलकडे बघतच नाही.

कोणी कोचिंग शोधत असाल तर ट्रॉफ्यांचं कपाट बघू नका, एक प्रॅक्टिस नुसती बसून बघा आणि विचारा की पिच कोण मोजतं, कमी येणारं मूल मॅचमध्ये किती वेळ मैदानात असतं, आणि आठवड्यात प्रॅक्टिस किती, मॅच किती. मॅच जास्त आणि प्रॅक्टिस कमी असेल तर मी तरी घालणार नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या मेसेजचा कापला.

आणि राइट फील्डचं राहिलं. इथे पण तिची पाळी तिथे येते, पण पहिल्याच वेळी कोचनी तिला हाताला धरून तिकडे नेलं आणि दाखवलं की शॉर्टस्टॉपने (सेकंड-थर्डच्या मधल्या फिल्डरने) फर्स्टला थ्रो मारला की तो सुटून कुठे जाईल, आणि तू प्रत्येक ग्राउंडरला तिथे धावायचं, बॉल येवो न येवो. ती धावते. एका मॅचमध्ये मी मोजलं, अकरा वेळा धावली, एकदाही बॉल आला नाही. मॅच ९-३ ने हरलो. नंतर गवतात सगळ्यांना बसवून कोचनी विचारलं, आज फर्स्टच्या मागे कोण होतं? फर्स्ट बेसवाल्या मुलानेच तिच्याकडे बोट दाखवलं, म्हणाला, ही होती, प्रत्येक वेळी होती. त्याच्या पुढच्या मॅचला थ्रो खरंच सुटला, फर्स्ट बेसवाल्या मुलाच्या ग्लोव्हखालून गेला, आणि पळणारा मुलगा सेकंडकडे वळून दोन पावलं टाकून थांबला आणि परत फर्स्टवर गेला, कारण बॉल आधीच लेकीच्या हातात होता.