जुनी १८-२०० लेन्स घेताय? मागची पट्टी सरकवून बघा

पुण्यात कुणी जुनी निकॉन १८-२०० (१८ ते २०० मिमी झूमची लेन्स) शोधत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला ज्या युक्तीनं फसवलं, तिला कॅमेऱ्यातला जाणकारही सहज बळी पडेल.

कास पठारावर पावसाची भुरभुर चालू असताना लेन्स बदलणं जिवावर येतं. म्हणून अख्खं पठार आणि लांबचा पक्षी, दोन्ही टिपणारी एकच लेन्स हवी होती. नवीन परवडणारी नव्हती. जाहिरात होती, ‘व्हीआर टू, बिलासहित, एकदम स्वच्छ’. व्हीआर टू म्हणजे याच लेन्सची नंतरची आवृत्ती. विकणारा कोथरूडचा, संध्याकाळी सातनंतरच भेटेन म्हणाला. लेन्स काढून त्यानं स्वतःच मोबाइलचा टॉर्च आरपार मारून दाखवला. आत सगळं लख्ख! बिलाचा फोटो दाखवला, मी यूपीआयनं पैसे पाठवले.

उन्हाच्या दिशेनं काढलेले फोटो मात्र धुरकट यायला लागले. बुधवार पेठेत कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांना लेन्स दाखवली. त्यांनी माउंटजवळची (लेन्स कॅमेऱ्याला जोडतात त्या कड्याजवळची) बारीक पट्टी नखानं सरकवली, टॉर्च धरला आणि म्हणाले, “हे बघा.” काचेच्या कडेनं कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती.

ही ‘जी’ प्रकारची लेन्स आहे, तिला अ‍ॅपर्चरची रिंग (आतल्या पात्यांमधलं भोक लहान-मोठं करायचं कडं) नसते. कॅमेऱ्यावरून काढली की आतल्या पात्या मिटतात आणि मधे जेमतेम भोक उरतं. टॉर्चचा उजेड तेवढ्यातूनच जातो, कडेची बुरशी पात्यांआड राहते. पट्टी सरकवून धरली तरच पात्या उघडतात. बुरशीनं काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल, तर साफ करूनही डाग जात नाहीत. माझ्या लेन्सचं तेच झालंय. आपल्याकडच्या पावसाळ्यात बॅगेत बंद पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही, त्यामुळे जुनी लेन्स कुणाकडूनही घेतली तरी हे बघायलाच हवं.

शिवाय ती व्हीआर टू नव्हतीच! २००९ साली आलेल्या व्हीआर टूला झूम लॉकचं बटण असतं. २००५ च्या पहिल्या १८-२०० ला ते नाही. पैसे घेतले नव्याचे, दिली जुनी. बिलावरचा सीरियल नंबर तर लेन्सवरच्या नंबराशी जुळतच नाही. बिल दुसऱ्याच लेन्सचं.

त्याचा फोन आता बंद आहे. चॅट, यूपीआयची पावती आणि दोन्ही नंबरांचे फोटो जोडून मी पोलिसांत अर्ज दिलाय. दिवसाउजेडी भेटा, आपला कॅमेरा सोबत न्या, १८ आणि २०० वर उजेडाच्या दिशेनं फोटो काढून मोठे करून बघा. मला दाखवलेले तेच फोटो लावून नव्या नावानं पुन्हा जाहिरात आली आहे, या वेळी भेटायची जागा कर्वेनगर लिहिली आहे.